टेस्ट हिरवी आहे, पण डीबग फाइल आली कुठून?

प्रश्न असा आहे: “काका, मी इथे इंदूरलाच सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत आहे. आमच्या बोर्डावर (एका छोट्या संगणकावर) जीडीबीसर्व्हर चालतो, म्हणजे चुका शोधायच्या जीडीबी या डीबगरचा तिथला हस्तक. प्रोग्रामची डीबग माहिती (सोर्समधली नावं आणि ओळी, म्हणजेच सिम्बॉल) आम्ही वेगळ्या फाइलीत काढून बोर्डावरच ठेवतो, म्हणजे जीडीबी ती तिथूनच उचलेल. याची ऑटोमेटेड टेस्ट मी लिहिली. बिल्ड सर्व्हरवर ती रोज रात्री पास होते. खरा बोर्ड जोडला की जीडीबी म्हणतो, डीबगिंग सिम्बॉल सापडले नाहीत. चूक टेस्टमध्ये आहे की जीडीबीत?”

टेस्टमध्ये. बोर्डावर काय होतंय त्याचाही अंदाज आहे, तो शेवटी सांगतो.

माझा एक भाचा कामानिमित्त रतलामला जाऊन-येऊन करायचा. त्याला एकदा म्हटलं, येताना तिथली लवंगेची शेव घेऊन ये. तो विसरला आणि राजवाड्याजवळच्या दुकानातून अर्धा किलो घेऊन आला. सकाळी पोह्यांवर घालून सगळ्यांनी खाल्ली, कुणाला काही कळलं नाही. दुपारी रिकाम्या पुडीवरचा दुकानाचा शिक्का दिसला तेव्हा पठ्ठ्या पकडला गेला. तुझी टेस्ट “शेव चांगली आहे का” एवढंच विचारते. ती रतलामची आहे का, हे तिने विचारलेलंच नाही.

तुझ्या बिल्ड सर्व्हरवर जीडीबी आणि जीडीबीसर्व्हर एकाच मशीनवर आहेत, फाइलसिस्टिमही एकच. अशा वेळी टेस्टने ब्रेकपॉइंट लावला, ओळ क्रमांक दिसला, लोकल व्हेरिएबल छापलं, म्हणून पास झाली. पण डीबग फाइल नेटवर्कवरून पॅकेटांनी आली की जीडीबीने शेजारच्या डिरेक्टरीतून सरळ उघडली, हे त्यातून कळत नाही. बिल्ड-आयडीवरून, म्हणजे प्रोग्राम आणि त्याची डीबग फाइल दोन्हींत असलेल्या ओळखक्रमांकावरून, शोधताना जीडीबी आधी स्वतःच्या मशीनवर बघतो आणि तिथे नसेल तर सिसरूटखाली. एका मशीनवर पहिली पायरीच यशस्वी होते, दुसरी कधी चालतच नाही. म्हणजे ज्या कोडसाठी टेस्ट लिहिली तो कोड रात्रभरात एकदाही पळालेला नसतो.

सिसरूटबद्दल थोडं. समोरच्या यंत्रावरच्या फाइली जीडीबीने कोणत्या पत्त्याखाली शोधायच्या, ती ही सेटिंग. जीडीबी ७.१० पासून, म्हणजे २०१५ पासून, सिसरूटची मूळ किंमत ‘टार्गेट:’ अशी आहे. शेवटच्या विसर्गासारख्या दोन टिंबांसकट. अर्थ असा की फाइल हवी असेल तर समोरच्या यंत्राकडे माग. त्याआधीच्या जीडीबीत असं आपोआप होत नसे. आणि चिप बनवणाऱ्या कंपन्या जो टूलचेन (कंपाइलर, लिंकर, जीडीबी असा संच) देतात, त्यातला जीडीबी पुष्कळदा बिल्ड करतानाच वेगळा सिसरूट ठरवून घेतलेला असतो. म्हणून टेस्टच्या पहिल्या ओळींत सिसरूट स्वतः लिही, मूळ किमतीवर विसंबू नकोस, आणि ‘शो सिसरूट’चं उत्तर लॉगमध्ये उतरव.

दुसरी एक सवय बहुतेकांना असते, तुझ्या टेस्टमध्येही असणार: जोडणीच्या आधी ‘फाइल’ कमांडने प्रोग्राम लोकल डिस्कवरून चढवायचा. इथेच निम्मा खेळ संपतो. प्रोग्रामच्या आत डीबगलिंक (डीबग फाइलीचं नाव सांगणारी नोंद) असेल तर जीडीबी ती फाइल प्रोग्रामच्या डिरेक्टरीत, मग तिथल्या ‘डॉट-डीबग’ डिरेक्टरीत, मग मुख्य डीबग डिरेक्टरीखाली त्याच पूर्ण पत्त्यावर शोधतो. प्रोग्राम लोकल असेल तर हा सगळा शोध लोकलच. दूरून आणण्याची टेस्ट करायची असेल तर ‘फाइल’ कमांड काढून टाक. जीडीबी जोडला गेला की चालू प्रोग्रामचा पत्ता जीडीबीसर्व्हरलाच विचारतो आणि ‘टार्गेट:’ लावून तिथूनच मागवतो. पडद्यावर “अमुक फाइल रिमोट टार्गेटवरून वाचत आहे” अशा ओळी आणि दूरून फाइली आणणं मंद असू शकतं असा इशारा दिसतो. त्या इशाऱ्याला लोक वैतागतात. या टेस्टमध्ये मात्र तो आपला साक्षीदार आहे.

आता खरा उपाय. दोन शेवांवर दोन शिक्के मारायचे.

डीबगलिंकमध्ये फाइलीचं नाव आणि चार बाइटचा सीआरसी, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, असतो. लोकल बाजूला वेगळ्या मजकुराची फाइल ठेवली तर सीआरसी जुळत नाही आणि जीडीबी तसं बजावून पुढे जातो. बिल्ड-आयडीचं तसं नाही. तिथे जीडीबी दोन्हीकडची बिल्ड-आयडीची नोंद जुळते का एवढंच बघतो, आतला मजकूर नाही. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे. लिंकरला बिल्ड-आयडी हाताने देता येतो, हेक्स (सोळाच्या पायाच्या) आकड्यांत. तेव्हा एकच सोर्स दोनदा कंपाइल कर, दोन्हींना तोच बिल्ड-आयडी दे. फरक एवढाच की सोर्समध्ये एक एनम (नावांना आकडे देणारा प्रकार) असेल, त्यातल्या एका नावाची किंमत पहिल्या वेळी १ आणि दुसऱ्या वेळी २. त्या एनमचं एक व्हेरिएबल कुठेतरी घोषित असू दे, नाहीतर कंपाइलर त्याची डीबग माहिती लिहितच नाही. पण ती किंमत कोडमध्ये कुठे वापरू नकोस. मग दोन्ही प्रोग्राम स्ट्रिप केल्यावर, म्हणजे डीबग माहिती काढून टाकल्यावर, बाइट-न्-बाइट सारखे निघायला हवेत. टेस्टच्या सुरुवातीलाच ते ताडून बघ. सारखे नसतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता १ किंमतीची डीबग फाइल जीडीबीच्या मशीनवर, २ किंमतीची टार्गेटवर. जीडीबीला त्या नावाची किंमत छापायला सांग. उत्तर १ आलं तर राजवाडा, २ आलं तर रतलाम.

यातून तीन वेगळ्या टेस्ट निघतात. दोन्हीकडे फाइल असताना १ यायला हवं, कारण लोकल आधी. फक्त टार्गेटवर असताना २. आणि कुठेच नसताना “डीबगिंग सिम्बॉल सापडले नाहीत”. ही तिसरी टेस्ट कुणी लिहीत नाही, आणि मला विचारशील तर तीच सगळ्यांत मोलाची. फाइल उचलली जाऊच शकत नाही अशा स्थितीतही टेस्ट पास होत असेल, तर बाकीच्या दोन टेस्टवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. तिघींची उत्तरं तीन वेगळी आली पाहिजेत.

पण एका फाइलसिस्टिमवर हे जमणार नाही, हे लक्षात आलं असेलच. डीबग डिरेक्टरीचा पत्ता दोन्ही बाजूंना तोच वापरला जातो, फक्त एकीकडे पुढे ‘टार्गेट:’ लागतं. एकाच मशीनवर ते दोन पत्ते म्हणजे एकच फाइल. म्हणून टार्गेटला वेगळं घर लागतं. सोपा मार्ग म्हणजे कंटेनर, त्याच मशीनवरची पण स्वतःची फाइलसिस्टिम असलेली बंदिस्त जागा: आत जीडीबीसर्व्हर आणि २ किंमतीची फाइल, बाहेर जीडीबी आणि १ किंमतीची. जोडणीसाठी पोर्ट उघड किंवा पाइपवरून कर. जीडीबीच्या स्वतःच्या टेस्टसूटमध्येही यासाठी सोय आहे. ‘रिमोट-जीडीबीसर्व्हर-ऑन-लोकलहोस्ट’ नावाचा बोर्ड (इथे बोर्ड म्हणजे टेस्ट कुठे-कशी चालवायची ती सेटिंगची फाइल) एसएसएचने त्याच मशीनवर पुन्हा लॉग-इन करून जीडीबीसर्व्हर चालवतो. त्याला टार्गेटसाठी वेगळा यूजरही सांगता येतो. त्या यूजरची होम डिरेक्टरी इतरांना बंद ठेवली की जीडीबी कितीही शहाणा असला तरी तिथली फाइल थेट उघडू शकत नाही, जीडीबीसर्व्हरकडूनच मागावी लागते. दोन्ही एकाच मशीनवर, एकाच फाइलसिस्टिमवर चालवणाऱ्या ‘नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर’ बोर्डावर तेवढंच चालवून “रिमोट तपासलं” म्हणणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि हे समजावून सांगतो.

मी स्वतः जिथे तोंडघशी पडलो ती जागाही सांगतो. “फाइल दूरून येऊच नये” अशी स्थिती निर्माण करायला कंटेनर, यूजर वगैरे कशाला, जीडीबीलाच सांगू की फाइल उघडायचं पॅकेट वापरू नकोस, असं मला वाटलं. तशी सेटिंग आहे: ‘सेट रिमोट होस्टआयओ-ओपन-पॅकेट ऑफ’. ती लावली आणि सिम्बॉल सापडणार नाहीत अशी अपेक्षा ठेवली. सिम्बॉल सापडले! दोन दिवस जीडीबीसर्व्हरचा कोड उलटापालटा केला. उत्तर जीडीबीच्या रिमोट कोडमधल्या एका कॉमेंटमध्ये होतं. मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंड या साधनात स्वतःचा एक छोटा जीडीबीसर्व्हर असतो. तो रिमोट म्हणून दिसतो, पण चालतो त्याच मशीनवर आणि फाइली देण्याची सोय त्याच्यात नाही. त्याची अडचण होऊ नये म्हणून जीडीबीने नियम केला आहे: सिसरूट नेमका ‘टार्गेट:’ असेल आणि समोरचा फाइल उघडायचं पॅकेट जाणत नसेल, तर त्याची फाइलसिस्टिम आपलीच समजायची. मी पॅकेट बंद केलं, जीडीबीने ती सवलत मला लागू केली आणि फाइल लोकल डिस्कवरून उघडली.

हा नियम तुझ्या कामाचा आहे. बोर्डावर पूर्ण जीडीबीसर्व्हर नसून जीडीबीशी बोलण्यापुरता कुणी हाताने लिहिलेला छोटा स्टब असेल, तर हेच होतं. तो फाइलीची पॅकेटं ओळखत नाही, जीडीबी लोकल डिस्कवर बोर्डाचा पत्ता शोधतो. योगायोगाने तिथे त्याच नावाची दुसरीच लायब्ररी असली तर मग बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनमधून कुठे आलो ती यादी) वाचताना डोकं गरगरतं.

म्हणून पॅकेटांच्या लॉगमध्ये दोन उत्तरांतला फरक ओळखायला शीक. ‘सेट डीबग रिमोट १’ केलं की प्रत्येक पॅकेट दिसतं. ‘व्हीफाइल:ओपन’ या फाइल उघडायच्या पॅकेटला एफ आणि एक आकडा आला तर फाइल उघडली, तो आकडा तिचा हँडल. एफ, उणे एक, स्वल्पविराम, दोन असं आलं तर पॅकेट समजलं पण फाइल नाही. दोनऐवजी डी असेल, म्हणजे हेक्समधला तेरा, तर परवानगी नाही. आणि उत्तर रिकामं आलं तर समोरच्याला हे पॅकेटच माहीत नाही. नकारात्मक, म्हणजे वरच्या तिसऱ्या टेस्टला ‘पॅकेट समजलं पण फाइल नाही’ हे उत्तर हवं. रिकामं उत्तर आलं तर ती टेस्ट वरच्या सवलतीच्या वाटेने गेली आहे, तिचा निकाल धरू नकोस.

लॉगमध्ये फाइलीचं नाव शोधणार असशील तर एक गंमत आहे. ओपन पॅकेटमध्ये नाव हेक्समध्ये जातं. ‘टीएमपी’ ही तीन अक्षरं ७४, ६डी, ७० होतात. साधं नाव शोधलंस तर सापडणार नाही आणि तू म्हणशील पॅकेट गेलंच नाही. आधी नावाचं हेक्स करून घे आणि मग शोध. शिवाय लॉगमध्ये लांब पॅकेट मूळ सेटिंगप्रमाणे ५१२ अक्षरांवर तोडलं जातं. हेक्समुळे नावाची लांबी दुप्पट होते, आणि बिल्ड सर्व्हरवरच्या डिरेक्टऱ्या मारुतीच्या शेपटीसारख्या लांबत जातात. ती मर्यादाही काढून ठेव.

तरीही पॅकेटांच्या क्रमावर टेस्ट बांधू नकोस. कोणतं पॅकेट आधी, किती वेळा, हे आवृत्तीगणिक बदलतं. पुढच्या जीडीबीत टेस्ट फुटेल आणि दोष कुणाचाच नसेल. १ आणि २ वाला शिक्का टिकाऊ असतो. त्याच्या जोडीला मी अजून एकच साक्ष घेतो: ‘मेंट इन्फो बीएफडीज’. जीडीबीने उघडलेल्या सगळ्या फाइलींची यादी त्यात मिळते. दूरून आलेल्या फाइलीच्या नावापुढे ‘टार्गेट:’ असतं. व्हॅलग्राइंडवाली सवलत लागू झाली असेल तर जीडीबी ते काढून टाकून साधा लोकल पत्ता उघडतो, त्यामुळे यादीत ते दिसत नाही. माझे ते दोन दिवस या एका कमांडने वाचले असते.

तिसरं दुकानही आहे: डीबगइन्फोडी. जीडीबी १० पासून, २०२० मध्ये, ही सोय आली. बिल्ड-आयडी देऊन इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून डीबग फाइल मागवता येते. फेडोरा लिनक्स ३५ पासून ती आपोआप चालू असते. तुझा स्वतःचा प्रोग्राम त्या सर्व्हरवर नसणार, पण सी लायब्ररीसारख्या सिस्टिमच्या फाइली असतात. टेस्ट लायब्ररीवर असेल तर सिम्बॉल तिसरीकडूनच येऊन बसतात, नाहीतर नेट मंद असताना टेस्ट उगीच रखडते. ‘डीबगइन्फोडी-यूआरएल्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल टेस्टआधी काढून टाक. जीडीबीचा टेस्टसूटही तेच करतो.

वेळेचा हिशेब आता. डीबगलिंकमध्ये सीआरसी ताडायला जीडीबीला अख्खी डीबग फाइल वाचावी लागते. बोर्ड सिरियल केबलवर १,१५,२०० बॉडने जोडलेला असेल तर सेकंदाला फार तर ११,५२० बाइट येतात. २० एमबीची फाइल म्हणजे साधारण तीस मिनिटं, आणि हे फक्त “फाइल बरोबर आहे” एवढं ठरवायला. टेस्ट एक्स्पेक्ट या स्वयंचलित टेस्टच्या साधनावर बेतलेली असेल तर त्याची मूळ मुदत दहा सेकंदांची आहे. तेव्हा टेस्ट टाइमआउट होते आणि लोक म्हणतात जीडीबी अडकला. टेस्टचा प्रोग्राम मुद्दाम चिमुकला ठेव, सी लायब्ररीची डीबग फाइल बोर्डावर ठेवूच नकोस, आणि बिल्ड-आयडीची वाट मुख्य धर. डीबगलिंकची एकच टेस्ट, तीही इथरनेटवर.

प्रत्येक केससाठी जीडीबी नव्याने सुरू कर. जीडीबी उघडलेल्या फाइली पुन्हा वापरतो. एकाच सत्रात डीबग फाइल बदलून बघितलीस तर जुनीच समोर येऊ शकते. सत्र तेच ठेवणं अगदीच गरजेचं असेल तर ‘मेंट सेट बीएफडी-शेअरिंग ऑफ’. निकाल लिहितानाही सैलपणा नको. कंटेनर उठला नाही किंवा जीडीबीसर्व्हर सापडला नाही तर निकाल ‘अनसपोर्टेड’, पास नव्हे. आणि सकाळी नुसता फेलचा आकडा बघू नकोस, पासचाही बघ. काल तीन होते आणि आज शून्य, फेलही शून्य, म्हणजे रात्री काहीच चाललं नाही. टेस्टच्या नावात डिरेक्टरीचा पत्ता घालू नकोस, नाहीतर दोन मशीनचे निकाल जुळवता येत नाहीत. जीडीबीचा टेस्टसूट असल्या नावांची वेगळी मोजणीच करतो.

आता तुझा बोर्ड. माझा अंदाज असा: लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर तू लिनक्स डिस्ट्रिब्यूशनचा जीडीबी वापरतेस, बोर्डासाठी टूलचेनबरोबर आलेला. डीबग फाइल कुठे शोधायची ते जीडीबी स्वतःच्या बिल्डच्या वेळी ठरवतो, ज्या प्रीफिक्सवर, म्हणजे मूळ डिरेक्टरीत, तो बसवला त्याखालच्या ‘लिब/डीबग’मध्ये. डिस्ट्रिब्यूशनच्या जीडीबीसाठी ती ‘/यूएसआर/लिब/डीबग’. टूलचेन ‘/ऑप्ट’खाली बसवलेला असेल तर त्याचा जीडीबी बोर्डावरही ‘/ऑप्ट’खालीच शोधेल, आणि बोर्डावर अशी डिरेक्टरी कशाला असेल? ‘शो डीबग-फाइल-डिरेक्टरी’ विचार. ती वेगळी निघाली तर ‘सेट डीबग-फाइल-डिरेक्टरी’ने बोर्डावरचा पत्ता दे. ‘सेट डीबग सेपरेट-डीबग-फाइल ऑन’ केलंस तर जीडीबी कुठे-कुठे डोकावला त्याची यादीच छापतो.

तो पत्ता बरोबर असेल तर पुढे दोनच गोष्टी तपासायच्या. बिल्ड-आयडी सहसा चाळीस हेक्स आकड्यांचा असतो. त्यातले पहिले दोन डिरेक्टरीचं नाव आणि उरलेले अडतीस फाइलीचं. बोर्डाची इमेज बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी चाळीसच्या चाळीस आकडे फाइलीच्या नावात ठेवल्याचं मी दोनदा पाहिलं आहे. आणि जीडीबीसर्व्हर ज्या यूजरने चालतो त्याला ती फाइल वाचता येते का ते बघ. लॉगमध्ये तो डी आला तर हेच.

एवढं करूनही अडलं तर पॅकेटांचा लॉग पाठव, जीडीबी सुरू झाल्यापासूनचा, मधला तुकडा कापून नव्हे. बोर्डावरची टेस्ट रोज रात्री नको, आठवड्यातून एकदा पुरे. रोजची कंटेनरवर.